आईचा पदर आणि गाडीचं वजन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा होती, बाहेर पावसाची झोड होती आणि फळ्यावर भागाकार चालला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, माझ्या दादानं गाडी हलकी केली. आता ती डर्ट बाईक झालीय. लय पळते!"

झाले! भागाकार राहिला बाजूला. "काय काय काढलं रे?" "आम्हाला बसवणार का रे?" वर्गात नुसता कालवा. मी विचारले, "हलकी केली म्हणजे नक्की काय केलं?"

त्याने बोटे मोजत यादी सांगितली. पुढचे मडगार्ड, चेनकव्हर, मागच्या चाकाजवळची साडीगार्डची जाळी, दोन्ही आरसे आणि लेगगार्ड. सगळे काढून घराच्या पडवीत ठेवले होते. दादा खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात कामाला जातो. सेकंडहँड गाडी त्याने स्वतःच्या पगारातून घेतली. मोबाइलवर चिखलातल्या शर्यती बघून बघून त्याला वाटले, की आपल्या गाडीचे फालतू वजन काढले की तीही तशीच उडेल.

तुमच्याही गावात, गल्लीत असा एखादा दादा असेलच. कदाचित तुम्हीच मोठे झाल्यावर तो होणार असाल! म्हणून म्हटले, आज या प्रश्नाचा नीट छडा लावू. गाडीचे भाग काढले तर गाडी हलकी होते का? होत असेल, तर किती? आणि त्या हलकेपणाची किंमत कोण मोजते?

दादाचे बरोबर कुठे आहे?

आधी दादाची बाजू ऐकू या. तो अगदीच चुकीचे बोलत नव्हता.

डर्ट बाईक म्हणजे मातीत, चिखलात, खाचखळग्यांत पळवायची मोटारसायकल. तिच्या शर्यतींना मोटोक्रॉस, सुपरक्रॉस म्हणतात. राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या फेऱ्या आपल्या पुण्यात आणि नाशकातही झालेल्या आहेत. मातीचे उंच उंचवटे केलेले असतात, त्यांवरून गाड्या हवेत उड्या घेतात आणि धाडकन खाली उतरतात.

अशा ठिकाणी हलकी गाडी केव्हाही बरी. जड वस्तू वेगात आणायला जास्त जोर लागतो आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. भरलेली पाण्याची टाकी ढकलून बघा आणि रिकामी ढकलून बघा, म्हणजे पटेल. चिखलात गाडी आडवी झाली, तर ती उचलायची कुणी? स्वाराने स्वतःच. म्हणून शर्यतीच्या गाडीवर हेडलाइट नसतो, हॉर्न नसतो, इंडिकेटर नसतात, आरसे नसतात, मागे बसायला जागासुद्धा नसते. तेव्हा "वजन कमी केलं की गाडी चपळ होते" हे वाक्य बरोबरच आहे. पण किती वजन, हे कुठे कुणी मोजले होते?

मग आम्ही मोजायचे ठरवले.

तांदळाच्या काट्यावर गाडी

सोमवारी दादाची दुसरी पाळी होती. धाकट्या भावाच्या आग्रहाने तो सगळे सामान गोणीत घालून शाळेत घेऊन आला. आमच्याकडे पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा वजनकाटा आहे. त्यावर वर्तमानपत्र अंथरले आणि एकेक वस्तू ठेवली. मुलांनी आकडे फळ्यावर लिहिले.

साडीगार्डची जाळी, ९०० ग्रॅम. पत्र्याचे चेनकव्हर, १ किलो १०० ग्रॅम. पुढचे मडगार्ड, ८०० ग्रॅम. दोन आरसे मिळून ४०० ग्रॅम. या चार गोष्टींची बेरीज झाली ३ किलो २०० ग्रॅम. एकटे लेगगार्ड मात्र ३ किलो ६०० ग्रॅम! म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा भारी. गंमत म्हणजे लेगगार्ड या गाडीला मुळात नव्हते. आधीच्या मालकाने ते दुकानातून वेगळे बसवून घेतले होते. (तुमच्या घरच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे भरतील, बरं का.)

आता भागाकार. नेहमीच्या १०० सीसीच्या गाडीचे वजन साधारण ११० किलो असते. दादाचे वजन ६० किलो. दोघांचे मिळून १७०. त्यातून चार वस्तूंचे ३ किलो २०० ग्रॅम गेले. म्हणजे कितवा भाग गेला? मुलांनी खडूने आकडे खरडले. उत्तर आले, साधारण त्रेपन्नावा भाग. पन्नासेक लाडवांच्या डब्यातून एक लाडू उचलला तर डबा जेवढा हलका होईल, तेवढीच गाडी हलकी झाली होती!

एका मुलीने विचारले, "बाई, मग पेट्रोलचं वजन?" शाबास! पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर पेट्रोल भरते साधारण पाऊण किलो. म्हणजे टाकीत चार लिटर पेट्रोल कमी असले, तर जवळजवळ तेवढेच वजन कमी होते. त्यासाठी पाना हातात घ्यायची गरज नाही.

पण खरी मजा पुढेच आहे. दादाची गाडी फाटकाशी उभी होती. चाकाच्या वर, इंजिनाच्या खाली, मागच्या मडगार्डच्या आत वाळलेल्या चिखलाचे थरच्या थर होते. मुलांनी काठीने तो खरवडला आणि घमेल्यात गोळा केला. घमेल्याचे वजन वजा करून चिखल भरला २ किलो ३०० ग्रॅम! जाळी आणि चेनकव्हर यांच्या बेरजेपेक्षाही जास्त. दादा डोके खाजवत म्हणाला, "म्हणजे नुस्ती धुतली असती तरी...!" सगळा वर्ग हसला.

वजन सारखे, ताकद पाचपट

तरी दादाचा एक मुद्दा शिल्लक होता. "बाई, पण ती खरी डर्ट बाईक हलकीच असते ना?"

ऐका हं, हे ऐकून तो आणखी चकित झाला. शर्यतीतल्या २५० सीसीच्या मोटोक्रॉस गाडीचे वजन साधारण १०५ किलो असते. म्हणजे आपल्या १०० सीसीच्या गाडीच्या जवळपास तेवढेच! मग फरक कशात? तिचे इंजिन साधारण ४० अश्वशक्तीचे असते आणि आपल्या गाडीचे असते साधारण ८ अश्वशक्तीचे. वजन तेवढेच, पण ताकद पाचपट. शिवाय तिच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा दांडा सुमारे ३०० मिलिमीटर आत-बाहेर होऊ शकतो. शाळेच्या फूटपट्टीएवढा! नेहमीच्या गाडीचा दांडा त्याच्या साधारण एक तृतीयांश हलतो. उंचवट्यावरून उडी घेऊन खाली आल्यावर धक्का पचवतो तो हाच दांडा. मडगार्ड काढल्याने तो काही लांब होत नाही.

हिरो कंपनीची एक्सपल्स २०० नावाची गाडी २०१९ मध्ये आली. ती रस्त्यावरही चालते आणि मातीतही. २०२० मध्ये कंपनीने तिच्यासाठी शर्यतीचे वेगळे सामान आणले. त्यात काय होते? लांब चालीचे शॉकॲब्सॉर्बर, मातीत रुतून पकडणारे खाचांचे टायर, सपाट सीट, हँडल उंच करण्याचे तुकडे. म्हणजे गाडी मातीलायक करताना कंपनीने मुख्यतः स्प्रिंगा आणि टायर बदलले.

शर्यतवाले काय काढतात आणि काय लावतात?

आपण फक्त त्यांनी काय काढले तेवढेच पाहतो. का काढले ते पाहत नाही.

शर्यतीच्या गाडीला आरसा नाही, कारण सगळे एकाच दिशेने जातात आणि मागे कोण आहे हे पाहण्यासाठी थांबायचे नसते. समोरून एसटी येत नाही. वळणावर म्हशी उभ्या नसतात. काही गडबड झालीच, तर बाजूला झेंडे घेतलेली माणसे उभी असतात, ती पिवळा झेंडा दाखवतात. रुग्णवाहिका तयार असते. स्वाराच्या मागे कुणी बसत नाही, म्हणून साडीगार्ड नाही. आणि स्वाराच्या अंगावर पाहा! पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, गॉगल, छातीचे चिलखत, गुडघ्याचे आणि कोपराचे कवच, पोटरीपर्यंतचे जाड बूट. गाडीवरून काढलेले काही किलो स्वाराच्या अंगावर चढवलेले असतात.

एवढेच कशाला, शर्यतीत गाडीचे वजन किती कमी असावे यालाही नियम असतो. ठरलेल्या आकड्याच्या खाली गाडी गेली, तर ती शर्यतीत घेतच नाहीत.

आता जगातल्या सर्वांत खडतर शर्यतींपैकी एक पाहू. तिचे नाव डकार रॅली. जवळपास दोन आठवडे, हजारो किलोमीटर, वाळवंट आणि दगडधोंडे. २०१५ मध्ये ही शर्यत दक्षिण अमेरिकेत झाली, तेव्हा बंगळुरूचा सी. एस. संतोष ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. मोटारसायकलींच्या गटात तो छत्तिसावा आला. या शर्यतीतल्या गाड्या मोटोक्रॉसच्या गाड्यांपेक्षा बऱ्याच जड असतात. कारण त्यांना मोठी पेट्रोलची टाकी लागते, रस्ता दाखवणारी यंत्रे लागतात, जवळ पाणी ठेवावे लागते. तिथे पाणी काढून टाकून गाडी हलकी करणारा स्वार शहाणा म्हणायचा का?

२०२० च्या डकारमध्ये पाउलो गोन्साल्व्हिस या पोर्तुगीज स्वाराचा अपघातात मृत्यू झाला. तो आणि संतोष एकाच भारतीय संघातून खेळत असत. पुढच्या वर्षी, २०२१ पासून, डकारमध्ये प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हवेने फुगणारे जाकीट घालणे सक्तीचे झाले. स्वार पडू लागला की क्षणार्धात ते फुगते आणि छाती, पाठ, मान यांना आधार देते. त्याच वर्षी सौदी अरेबियात संतोषचा मोठा अपघात झाला. डोक्याला मार लागला, त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. पुढे तो बरा होऊन घरी परतला.

पाहिलेत ना? जिथे एकेक सेकंद मोलाचा, तिथे माणूस वाचावा म्हणून वजन मुद्दाम वाढवले गेले.

आपल्या कर्जत स्टेशनचा धडा

हेच शहाणपण शिकायला डकारला जायची गरज नाही. कर्जत स्टेशनवर जा. फलाटावर वडा खाता खाता बघा.

पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात आणि त्यांच्या मागे जास्तीची इंजिने जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. कारण पुढे बोरघाट आहे. हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. काही ठिकाणी त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा आहे. रेल्वेच्या मानाने हा फारच खडा. गाडी चढत नाही म्हणून रेल्वेने काय ब्रेकचे सामान काढून ठेवले? नाही. उलट मागून जोर लावायला इंजिने जोडली. ती इंजिने काय कमी वजनाची असतात?

आणि घाट उतरताना तर आणखी काळजी. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी मुद्दाम थांबवून ब्रेक तपासले जातात. उशीर झाला तरी चालेल, पण ब्रेकची खात्री हवी. दीडशेहून जास्त वर्षे आपल्या डोळ्यांसमोर हा धडा चालू आहे.

प्रत्येक भागाला एक काम

मग आम्ही पाचही वस्तू टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीला विचारले, "तू काय काम करतेस?"

चेनकव्हर म्हणाले असते, "मी बोटे वाचवतो." चेन आणि दाताळे चाक यांमध्ये बोट सापडले, तर तुकडाच पडतो. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या चेनला फडक्याने पुसणारी मुले मी पाहिली आहेत. मुलांनो, हे कधीही करू नका. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात. शिवाय चेनकव्हर नसले की चिखल आणि वाळू चेनवर बसते, चेन लवकर झिजते आणि गाडी आणखी जड चालते.

आरसे म्हणाले असते, "मागून डंपर येतोय, ते आम्ही सांगतो." चौक ते खोपोली रस्त्यावर किती अवजड गाड्या धावतात, ते तिथल्या मुलांना विचारा.

मडगार्डच्या बाबतीत मात्र दादाने मला एक गोष्ट शिकवली. तो म्हणाला, "बाई, आमच्या वाटेची माती चिकण. लावणीच्या दिवसांत ती टायर आणि मडगार्डच्या मधी भरते. मग चाक फिरतच नाय. म्हणून पहिलं तेच काढलं."

हे अगदी खरे आहे. भाताच्या खाचरांच्या कडेने गाडी चालवलेल्या माणसालाच हे कळणार. खऱ्या डर्ट बाईकचे पुढचे मडगार्ड चाकाला चिकटून नसते, वीतभर उंच असते. का, ते आता कळले? चिखल अडकू नये म्हणून. पण बघा, तिथेही मडगार्ड काढलेले नाही, उंच बसवलेले आहे. मडगार्डच नसेल, तर पुढच्या चाकाचा चिखल उडून थेट स्वाराच्या डोळ्यांत जातो आणि डोळे मिटलेला स्वार म्हणजे खड्ड्यात गेलेली गाडी. मग दादाने काय करावे? चिकण वाटेवर मध्येच थांबून काठीने चिखल काढावा. वाट फारच रबरबीत असेल, तर गाडी डांबरी रस्त्याजवळ ठेवून चालत यावे. आपल्याकडे सगळे तसेच तर करतात.

लेगगार्ड पडल्यावर पाय वाचवते, पण अरुंद वाटेत झुडपांना, बांधाला अडकतेही. ते ठेवायचे की काढायचे, याचा विचार करता येतो.

राहिली जाळी. सर्वांत कुरूप, सर्वांत नावडती. तिच्याबद्दल मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. इतकी वर्षे ती मी फारशी कुणाला सांगितली नव्हती.

मी काय केले होते

डी.एड.ला असताना मी माझ्या भावाच्या गाडीवरून येत-जात असे. त्याने नवी नवी गाडी घेतली होती. मला ती फार आवडायची, पण ती जाळी आवडायची नाही. मीच त्याला म्हटले, "अरे, ती जाळी काढ ना. भाजीवाल्याची गाडी वाटते." त्याने हसत हसत काढली. आम्ही दोघांनी ती माळ्यावर टाकली.

पंधराएक दिवसांनी आम्ही खोपोलीहून कर्जतकडे येत होतो. पळसदरीच्या अलीकडे वारा सुटला होता. मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळली होती, एक टोक मागे उडत होते. एकदम गळ्याला असा हिसका बसला, की ओरडताही येईना. ओढणी मागच्या चाकात गेली होती. पुढे गतिरोधक होता म्हणून भावाने गाडी अगदी हळू केलेली होती. तेवढ्याने वाचले. मी रस्त्यावर पडले, मनगट मोडले आणि गळ्याभोवती लाल वळ महिनाभर होता.

घरी सांगितले, कुत्रे आडवे आले. भावानेही तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरची जाळी काढली आणि मला काही न बोलता बसवून टाकली. जाळी काढ म्हणणारी मी होते, पण रागे भरला तो स्वतःवर.

ही गोष्ट मी त्या दिवशी वर्गात सांगितली. वर्ग गप्प झाला. दादा फळ्याकडे बघत होता. मग त्याच्या भावानेच हळू आवाजात विचारले, "दादा, आई बसते ना रे तुझ्यामागं? बाजाराला?"

त्यांची आई आठवड्याच्या बाजाराला रानभाजी विकायला जाते. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, करटुली. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने दादाचा खांदा धरलेला. एका बाजूला पाय सोडून बसते. मग पदर सावरायला हात कुठे राहतो? तो सावरायला ती ९०० ग्रॅमची जाळी असते.

दादा काहीच बोलला नाही. गोणी उचलून तो गेला. मला वाटले, रागावला.

बुधवारी शाळा सुटताना गाडी फाटकाशी दिसली. स्वच्छ धुतलेली. जाळी बसवलेली, चेनकव्हर बसवलेले, आरसे लावलेले, पुढचे मडगार्डही जागेवर. लेगगार्ड मात्र नव्हते. "ते नाय लावलं बाई," तो म्हणाला, "आमच्या वाटंत अडकतं." मी म्हटले, "ठीक आहे, तू विचार करून ठरवलंस ना?" मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कर्जतच्या गॅरेजवाल्याने टायरमध्ये हवा भरून दिली, चेन ताणून तेल दिले आणि मागचा ब्रेक चाकाला घासत होता तो मोकळा केला. "बाई, आता खरी पळते!"

कमी हवेचा टायर, सैल चेन, घासणारा ब्रेक. गाडी जड चालत होती ती यांच्यामुळे. बिचारी जाळी फुकट बदनाम झाली!

करून पाहा

आता तुमची पाळी. घरी वजनकाटा असेल, तर उत्तम. नसेल, तर वाण्याकडे जा. आधी एकटे उभे राहा, मग दप्तर घेऊन उभे राहा. दोन्ही आकड्यांची वजाबाकी म्हणजे दप्तराचे वजन. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सांगितले आहे, की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नसावे. तुमचे वजन २५ किलो असेल, तर दप्तर अडीच किलोपर्यंत.

जास्त भरले? मग दप्तर रिकामे करा आणि प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा.

पहिला, तू इथे कशासाठी आहेस?

दुसरा, तू कुणाला सांभाळतेस?

तिसरा, तुला काढले, तर तुझे काम कोण करील?

आजच्या वेळापत्रकात नसलेली पुस्तके उत्तर देऊ शकणार नाहीत. तीन कंपास, फुटलेल्या पट्ट्या, गोट्या, मागच्या वर्षीची वही, याही गप्प बसतील. त्या खुशाल काढा. हा झाला दप्तराचा वाळलेला चिखल! पण पाण्याची बाटली तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठणकावून देईल. ती सर्वांत जड असली, तरी राहू द्या. शाळेत पिण्याचे चांगले पाणी असेल, तरच ती अर्धी भरून न्या.

सायकल असेल, तर तिलाही हेच प्रश्न विचारा. घंटा, ब्रेक, मागचा लाल परावर्तक, चेनकव्हर. एकही काढावेसे वाटणार नाही.

पालकांसाठी दोन शब्द

साडीगार्ड ही केवळ कंपनीची हौस नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे साधन, तसेच धरायला मूठ आणि पाय ठेवायला आधार असावाच लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागते. त्याचे वजन सव्वा-दीड किलो असते, पण ते कमी करायचे वजन नव्हे.

आणखी एक. अठरा वर्षे पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "वाडीतल्या वाडीत चालवतो" असे आपण म्हणतो. पण वाडीतल्या वाटेला चाक काही वेगळे नसते.

मुलांना शर्यतीची आवड असेल, तर ती मारू नका. २०१९ मध्ये बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से हिने महिलांचा बाजा विश्वचषक जिंकला. मातीतल्या मोटारसायकल शर्यतींचाच तो. आपल्या मुला-मुलींपैकीही कुणी उद्या तिथे जाईल. त्यांना बंद मैदानावर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, पूर्ण कवच घालून शिकू द्या. रस्ता ही शर्यतीची जागा नाही.

तर मुलांनो, दादाची गाडी अजूनही आमच्या शाळेवरून जाते. बाजाराच्या दिवशी मागे आई असते, मांडीवर टोपली असते. जाताना दादा हॉर्न वाजवतो आणि वर्गातली सगळी मुले खिडकीकडे धावतात. मी मात्र आधी चाकाकडे बघते. जाळी आहे ना, तेवढे बघते आणि मग पुन्हा भागाकाराकडे वळते.

तुमच्या घरच्या गाडीला जाळी आहे का? आज संध्याकाळी जरा बघून या.